दिवाळी अंक : एका हंगामाचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शरद ऋतू हा आपल्याकडे अक्षरांचा ऋतू आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, तशी घरातली पोथ्यापुस्तकं पाटावर येतात. दसऱ्याला मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. कोजागरीला मसाला दूध आटेपर्यंत गच्चीवर कविता म्हटल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा दुधाबरोबर आटल्या असत्या तरी चाललं असतं. आणि लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही मांडतो. पाटी, पोथी, वही या सगळ्यांची पूजा आश्विन-कार्तिकात होते. या रांगेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आणखी एक वस्तू येऊन बसली, ती म्हणजे दिवाळी अंक. तिची पूजा होत नाही, पण तिची वाट मात्र पाहिली जाते.

ही वस्तू आणली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगाली भाषेवरच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे नाव घेतलं आणि त्याच नावानं ते ओळखले गेले. १८९५ साली त्यांनी मुंबईत 'मासिक मनोरंजन' सुरू केलं आणि १९०९ साली त्या मासिकाचा खास दिवाळी अंक काढला. मराठीतली दिवाळी अंकांची परंपरा आपण तिथून मोजतो. २००९ साली तिची शताब्दीही साजरी झाली.

मित्रांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक होते, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे. डिकन्सनं १८५० पासून आपल्या साप्ताहिकाचे नाताळचे खास अंक काढायला सुरुवात केली होती. शेरलॉक होम्स पहिल्यांदा लोकांना भेटला तो १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल'मध्ये. सुटी, शेकोटी आणि भुताची गोष्ट असा तो मेळ होता. पण मला बंगालचा धागा जास्त पटतो. दुर्गापूजेच्या सुटीत वाचायला खास अंक काढायची रीत तिकडे आधीच पडलेली होती. केशवचंद्र सेन यांच्या 'सुलभ समाचार' या पैशाला मिळणाऱ्या पत्रानं १८७३ साली 'छुटीर सुलभ' या नावाचा पूजेच्या सुटीचा खास अंक काढला होता. आडनावसुद्धा बंगाली घेणाऱ्या माणसाला शरदातली सुटी आणि वाचन यांची सोयरीक सुचली, यात नवल नाही. लंडनच्या थंडीपेक्षा कोलकात्याचा आश्विन आपल्याला जवळचा.

बंगालची ती परंपरा आजही जोमात आहे. सत्यजित राय यांची गंगटोकमध्ये घडणारी फेलूदाकथा १९७० च्या 'देश'च्या पूजा अंकात आली होती. केरळात ओणमचे अंक निघतात, तामिळनाडूत दीपावली मलर निघतो, गुजरातीतही दिवाळी अंक असतात. म्हणजे ही आपली एकट्याची मिरास नव्हे. तरी इतक्या संख्येनं, इतक्या विषयांचे आणि इतक्या लहान-मोठ्या गावांतून अंक काढण्याचा हट्ट मात्र मराठी माणसाचा खास म्हणावा लागेल. साहित्याचे, विनोदाचे, आरोग्याचे, भविष्याचे, रहस्यकथांचे, पाककृतींचे, मुलांचे अंक निघतात. ज्योतिषाचा अंक आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचा अंक टपरीवर एकाच दोरीला चिमटे लावून टांगलेले मी पाहिले आहेत.

पण हा अंक दिवाळीतच का निघावा? याचं उत्तर साहित्यात शोधून सापडत नाही, ते खिशात सापडतं. खरीप हाताशी आलेलं असतं. गिरण्या-कारखान्यांतल्या माणसाला बोनस मिळतो. १९६५ च्या कायद्यानं तर तो त्याचा हक्कच झाला. सराफ, कापडवाले, साबणवाले, बँका सगळ्यांना नेमकं याच वेळी गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं. पुढं साखर कारखाने आणि नगरपालिकांच्या शुभेच्छा त्यात आल्या. वर्षभर तोट्यात चालणारं मासिक या एका अंकाच्या जाहिरातींवर उरलेले अकरा महिने तग धरायचं, अशी अनेकांची रीत होती. जाहिरातींची पानं मधेमधे येतात म्हणून नाक मुरडणाऱ्या वाचकांनी हे लक्षात घ्यावं. नवकवितेचा छपाईखर्च कितीदा तरी सोन्याच्या पेढीनं आणि अंगाला लावायच्या तेलानं भरलेला आहे.

बाजारानं तारीख ठरवली आणि त्या तारखेनं मराठी लेखकाचं वर्ष ठरवलं. हा बदल मला फार मोठा वाटतो. संपादकांची पत्रं मे-जूनमध्ये सुटत. लेखक लिहायला बसे तो आषाढ-श्रावणात. गणपतीपर्यंत मजकूर हाती यावा अशी अपेक्षा असे, आणि तो बहुधा गौरी गेल्यावर येई. मग खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, ब्लॉक करणं. पितृपक्षात बाजार थंड असतो, कुणी नवं काम हाती घेत नाही; पण छापखान्यात उसंत नसे. पितरांच्या पंधरवड्यात मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून दिवाळीचे फॉर्म धडाधड छापले जात. दसऱ्यानंतर बांधणी, आणि वसुबारसेच्या आत अंक स्टॉलवर. वसुबारस चुकली की जाहिरातदार पैसे देताना कुरकुरणार. ज्या वर्षी अधिक मास येई त्या वर्षी संपादक पंचांगकर्त्याला मनोमन दुवा देत असणार, कारण दिवाळी नोव्हेंबरात ढकलली जाई. २०२० साली करोनानं छापखाने ठप्प केले, तेव्हा नेमका आश्विनच अधिक होता. दिवाळी १४ नोव्हेंबरला आली. तो जादाचा महिना मिळाला नसता तर त्या वर्षी किती अंक छापून झाले असते, याची शंकाच आहे. तरीही कितीतरी अंक उशिरा निघाले, बारीक झाले, काही फक्त पडद्यावर वाचायचे निघाले.

दिवाळीच्या कथांत पाऊस इतका का पडतो, हे माझ्या मते या वेळापत्रकात दडलेलं आहे. लेखकाच्या खिडकीबाहेर तो पडतच असायचा.

वेळापत्रकाइतकाच लांबीचाही परिणाम झाला. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्राच्या काळात वाचकाला क्रमशः कादंबरीची सवय होती. पुढचं प्रकरण पुढच्या अंकात. पण सणाला घेतलेला अंक स्वतःपुरता पुरा असावा लागतो. त्यात 'अपूर्ण' असं छापून भागत नाही. वि. सी. गुर्जरांसारख्या लेखकानं 'मनोरंजना'त एका बैठकीत संपणारी, शेवटी वळण घेणारी गोष्ट लोकप्रिय केली. मराठी कथेच्या इतिहासात १९१० नंतरच्या दीड दशकाला 'मनोरंजन कालखंड' असंच म्हणतात. पुढं 'दीर्घकथा' आणि 'लघुकादंबरी' हे जे दोन प्रकार मराठीत इतके फोफावले, त्यांचा बांधा मला तरी दिवाळी अंकाच्या पानांचाच वाटतो. कथेला लांब, कादंबरीला आखूड, पण चाळीस-पन्नास पानांत फराळाच्या दोन फेऱ्यांमध्ये संपणारी. याचा तोटाही झालाच. ज्यांना पाचशे पानांचा दम होता अशा काही लेखकांची उमेद दर पावसाळ्यात चार-पाच संपादकांना 'हो' म्हणण्यात खर्च झाली. एकच अनुभव तीन अंकांत तीन नावांनी आलेला चाणाक्ष वाचकांना ओळखू येई.

अंक देखणा करण्याचं काम चित्रकारांनी केलं. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केलं. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया घरोघरी कात्रणं होऊन भिंतीवर गेल्या. अनंत अंतरकरांनी 'हंस' १९४६ साली काढलं. पाठोपाठ 'मोहिनी' आणि 'नवल' आली. शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसवणारी रंगीत चित्रं या अंकांच्या मुखपृष्ठांवरून लोकांच्या मनात बसली. 'ललित'चा दिवाळी अंक म्हणजे वसंत सरवट्यांचं मुखपृष्ठ, हे समीकरण कितीतरी वर्षं टिकलं. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधल्या खिडकीचित्रांबद्दल न बोललेलंच बरं. ज्या घरांत 'आवाज' उशीखाली ठेवला जाई, त्याच घरांत तो आधी संपे.

या उत्सवात सगळ्यांना पहिल्यापासून बोलावणं होतं असं मात्र नाही. गिरगावात खटाववाडीतून निघणारे 'मौज' आणि 'सत्यकथा' हे साहित्याचे मानबिंदू होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून गेलेल्या कथेला एक मोल येई. पण त्या पंगतीत आपलं पान मांडलेलं नाही, असं वाटणारी एक पिढी साठच्या दशकात उभी राहिली. १९६९ साली लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. आणि गंमत बघा, त्याच १९६९ साली औरंगाबादच्या 'मराठवाडा' पत्राच्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झडली. ही चर्चा त्या चळवळीच्या इतिहासात पुनःपुन्हा उद्धृत होते. म्हणजे दिवाळी अंकांच्या दुनियेविरुद्धचा राग आणि त्या रागाचं शास्त्र, दोन्ही एकाच वर्षातलं, आणि शास्त्र मांडायला दिवाळी अंकच हाताशी आला. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'नं पुढं दिवाळी अंकाचा उपयोग नव्या लेखकांना उभं करण्यासाठी केला. 'स्त्री' आणि नंतर 'मिळून साऱ्याजणी' यांनी बायकांच्या लिहिण्याला तेच व्यासपीठ दिलं. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. दिवाळीला 'मौज' येत राहिला.

लेखक, संपादक, चित्रकार, जाहिरातदार यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. उरतो तो वाचक, आणि तो बहुतेक वेळा अंक विकत घेणारा नसतो. मी काही वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम केलं, तेव्हा हे जवळून पाहिलं. ठरावीक वर्गणी भरली की सभासदाला हंगामभर अंक बदलून नेता येत. नव्या अंकाला खाकी कव्हर चढे, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी. मुदत चार दिवस. दिवाळी ते गुढीपाडवा धरलं तर जवळजवळ पाच महिन्यांत एक अंक तीस-बत्तीस घरं फिरून येई. 'आवाज'चं कव्हर संक्रांतीला फाटलेलं असे. एखाद्या गंभीर वैचारिक अंकाचं पाडव्यालाही कोरं राही. खपाचे आकडे संपादक सांगतात, पण कुठल्या कथेच्या पानावर हळदीचं बोट लागलं आहे, ते वाचनालयालाच ठाऊक असतं.

आज अंकाची किंमत तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेली आहे. दहा अंक विकत घेणारं घर विरळाच. त्यामुळे वाचनालय हाच या उत्सवाचा मांडव आहे, आणि नेमका तोच मोडकळीला आला आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, पण सभासद कमी झाले. शहरांतली खासगी फिरती वाचनालयं तर जागेच्या भाड्यानं मारली. अंक निघतच राहतात, त्यांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. पण एका अंकामागची तीस घरं पाचावर आली तर जाहिरातदाराला ते कळायला वेळ लागणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पाडव्यानंतर वाचनालयं हे अंक अर्ध्या किमतीला काढतात. काही दवाखान्याच्या बाकावर जातात, काही एसटीच्या प्रवासात, उरलेले रद्दीत. पुस्तक म्हणून बांधणी नसल्यामुळे दाखलनोंदीत फक्त अंकाचं नाव, वर्ष आणि किंमत असते. आत कुणी काय लिहिलं, याचा पत्ता नसतो. ज्या कथा पुढं संग्रहात गेल्या त्या वाचल्या. ज्या लेखकानं आयुष्यात चारच कथा लिहिल्या, त्याच्या चारही कथा तराजूत गेल्या. आमच्याकडे आम्ही एक साधी सोय केली होती. अंक विकायच्या आधी अनुक्रमणिकेची दोन पानं कापून घ्यायची आणि वर्षवार फाइलला लावायची. तरी मुंबईच्या एका विद्यार्थिनीनं तिच्या आजीची एक कथा शोधायला पत्र पाठवलं, तेव्हा फायलीत नाव सापडलं, अंक १९७४ चा निघाला, आणि तो अंक कुणाकडे आहे हे विचारत आम्ही जिल्ह्यातल्या अकरा वाचनालयांना कार्डं टाकली. नवव्या कार्डाला उत्तर आलं. कव्हर नव्हतं, पहिली आठ पानं नव्हती. कथा मधल्या पानांत होती, पुरी होती.