घाण्याचा बैल आणि शनिवार

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेल गाळणाऱ्या एका जमातीला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा न लावणारे ते सोमवार तेली, तसे हे शनिवारचे. ते मराठी बोलणारे ज्यू, म्हणजेच बेने इस्रायली होते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेल्या मोजक्या माणसांतून वंश वाढला, असे ते परंपरेने सांगतात. गावांवरून त्यांची आडनावे पडली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. हैम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये जमातीचा इतिहास लिहिला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

परंपरा सांगते की त्या बुडालेल्या गलबताबरोबर त्यांच्या पोथ्याही गेल्या. तरी शब्बाथ, म्हणजे दर आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, टिकला, कारण तो रोजच्या धंद्यात मुरला होता.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून रांधणे आधीच उरकायचे. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथाने अशी ३९ प्रकारची कामे वर्ज्य ठरवली आहेत. दहा आज्ञांमध्ये ही विश्रांती मालकापुरती नाही. मुले, नोकर, परका पाहुणा आणि गुरेढोरे यांचाही तीवर हक्क आहे. म्हणजे शनिवारी घाण्याचा बैलही सुटा.

बुलढाण्याच्या वाचकाला हे परके वाटणार नाही. चिखली-मेहकरकडे पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकून मळतात. फरक इतकाच, की पोळा वर्षातून एकदा येतो आणि शब्बाथ दर आठवड्याला.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र माणसांनाही असा दिवस नव्हता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एकट्या कामगाराने घरी बसायचे ठरवले असते तर त्याची मजुरी गेली असती. सगळी गिरणी थांबली, तेव्हाच सुट्टी खरी झाली.

आज बुलढाण्याची मुले पुण्याजवळच्या हिंजवडीत संगणकापुढे बसतात. तिथे भोंगा वाजत नाही आणि सर्व्हर कधीच झोपत नाही, त्यामुळे फोन उशाशी ठेवून सुट्टी घेतली जाते. शब्बाथचा अनुभव इथे थेट कामाला येतो. शनिवार मोकळा हवा असेल तर शुक्रवारी संध्याकाळी नवे सॉफ्टवेअर चढवायचे नाही. बिघाडाची जबाबदारी पाळीपाळीने वाटून घ्यायची. पाळी नसलेल्याला फोन करायचा नाही आणि पाळी केलेल्याला बदली सुट्टी द्यायची.

ज्यू धर्मशास्त्रात एक अपवाद ठाम आहे: जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचाच. त्याला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात. रुग्णालयाची यंत्रणा बंद पडली तर रात्री दोनलाही उठावे लागेल. विक्रीच्या अहवालातला एक रकाना चुकला असेल, तर तो सोमवारी सकाळी दुरुस्त होऊ शकतो. कोणता बिघाड कुठल्या खात्यात मोडतो, हे आधी लिहून ठेवायचे आणि त्या कागदावर व्यवस्थापकाचीही सही घ्यायची.