कायदा आणि कविता : जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे कार्य

प्रस्तावना
अमेरिकेत १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. परंतु कागदावरील हे स्वातंत्र्य व्यवहारात उतरविण्यासाठी कृष्णवर्णीयांना पुढे अनेक दशके झगडावे लागले. या संघर्षात वकील आणि कवी अशा दोन्ही नात्यांनी उतरलेले जेम्स वेल्डन जॉन्सन (१८७१-१९३८) यांच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण
जॉन्सन यांचा जन्म फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाला. त्यांची आई शिक्षिका होती. १८९४ मध्ये अटलांटा विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर, ज्या स्टँटन शाळेत ते शिकले त्याच शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. नोकरी सांभाळून त्यांनी एका गोऱ्या वकिलाच्या कार्यालयात कायद्याचा अभ्यास केला. तत्कालीन प्रथेनुसार त्यांची तोंडी परीक्षा खुल्या न्यायालयात झाली. कृष्णवर्णीयाला सनद मिळताना पाहणे असह्य होऊन एक परीक्षक उठून निघून गेला; तरीही जॉन्सन यांना सनद मिळाली. १९०० मध्ये लिंकन जयंतीसाठी त्यांनी ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गीत लिहिले. बंधू रोझमंड यांनी त्यास चाल दिली आणि ५०० शाळकरी मुलांनी ते गायिले.

झुंडबळींविरुद्धचा लढा
कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेत ते १९१६ मध्ये दाखल झाले आणि १९२० मध्ये तिचे कार्यकारी सचिव बनले. जमावाकडून होणाऱ्या हत्या हा संघराज्याचा गुन्हा ठरविणारे डायर विधेयक संमत व्हावे यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये अविश्रांत प्रयत्न केले. जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने ते संमत केले. मात्र सिनेटमधील दाक्षिणात्य सदस्यांनी लांबलचक भाषणांनी कामकाज रोखून ते हाणून पाडले. त्याच वर्षी जॉन्सन यांनी कृष्णवर्णीय कवींच्या कवितांचा संग्रह संपादित केला. एखाद्या समाजाची थोरवी त्याच्या साहित्य-कलांवरून ओळखली जाते, अशी भूमिका त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत मांडली. म्हणजेच, कायदेमंडळाने नाकारलेली प्रतिष्ठा ते साहित्याच्या न्यायालयात सिद्ध करीत होते.

निष्कर्ष
जॉन्सन यांना अपेक्षित असलेला कायदा अखेर २०२२ मध्ये, म्हणजे डायर विधेयकानंतर १०० वर्षांनी अस्तित्वात आला. त्यांचे गीत मात्र तोपर्यंत कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले होते. कायद्याची वाट अडली तेव्हाही शब्दांनी समाजाचा आत्मसन्मान जागता ठेवला, हे त्यांच्या जीवनकार्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.