सुरांचा सांधेवाला

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घोड व भीमा या नद्यांच्या आश्रयानें वाढले. शिरूरला जुनीं माणसें अजून घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जाणाऱ्या हमरस्त्यावरचें तें गांव. दौंडला नांव मिळालें तें रेल्वेमुळें. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि दक्षिणेचा व उत्तरेचा मार्ग येथें एकमेकांस मिळाले. अशा जंक्शनांत सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत अधिक जबाबदार मनुष्य म्हणजे सांधेवाला. गाडीचा भार तो वाहत नाहीं, इंजिनाला त्याचा हातहि लागत नाहीं. तो केवळ खटका ओढतो. परंतु गाडी मनमाडला जाणार कीं सोलापूरला, हें त्या खटक्यावर ठरतें.

ध्वनिमुद्रणाच्या कलेंतहि असा एक सांधेवाला आहे. संगणकावर गाणें मुद्रित करणारे कारागीर आज ज्या खटक्यांच्या फलकासमोर बसतात, त्याला ते ‘कंट्रोल सरफेस’ म्हणतात. आपण त्यास नियंत्रण-फलक म्हणूं. एके काळीं असा फलक मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहांतच दिसे. आतां तो तालुक्याच्या गांवांतील एका खोलींतहि मांडतां येतो. तो कोठून आला, कोणत्या गरजेंतून आला आणि घरीं आणल्यावर कसा मांडावा, हें समजून घेण्यास थोडें मागें जावें लागेल.

या मुलखाला खटक्यांवांचून चालणारें एक ध्वनिशास्त्र पूर्वींच अवगत होतें, तें तमाशाच्या फडाचें. शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई हें लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांचें गांव. त्यांनीं तमाशासाठीं लावण्या आणि वग लिहिले. दौंड तालुक्यांत पुणें-सोलापूर रस्त्यावरील चौफुला हें ठिकाण संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठीं सर्वत्र ठाऊक आहे. ध्वनिवर्धक आला त्यापूर्वीं उघड्या माळावरील फडांत शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याचें काम गळ्याला व अंगालाच करावें लागे. शब्द सुरू झाले कीं ढोलकीवाला हात आंखडता घेई. ओळ संपली कीं तो हात मोकळा सोडी. झीलकरी सूर उचलून धरीत, म्हणजे मुख्य गायकास श्वास घेण्यास अवधि मिळे. तुणतुणें अखंड वाजे, पण कोणाच्या आड येत नसे. कोणता आवाज पुढें व कोणता मागें, याचा निवाडा गाणारे-वाजविणारे आपसांत, त्याच क्षणीं, डोळ्यांच्या खुणेनें करीत. फेडर म्हणून जी वस्तु पुढें निर्माण झाली, ती त्या वेळीं माणसाच्या मनगटांत होती.

१८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार केला आणि हा निवाडा पहिल्यानें तिऱ्हाइताच्या हातीं जाऊं लागला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिलेखक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व हिंदुस्थानांतील गायकांचीं गाणीं तबकड्यांवर उतरूं लागलीं. तेव्हां वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा होता आणि त्याच्या टोंकाशीं मेणावर रेघ ओढणारी सुई होती. आवाज कमीजास्त करण्याचें साधन एकच, तें म्हणजे अंतर. मृदु वाद्य कर्ण्याजवळ बसवावयाचें, दणदणीत वाद्य दूर. गायकानें तार स्वर लावला कीं त्यानें मागें सरकावयाचें, मंद्रांत आला कीं पुढें. सारा खेळ सुमारें तीन मिनिटांत आटपावयाचा. गाणाराचें सर्व आयुष्य गळा कसण्यांत गेलेलें. पण तो कोठें उभा राहणार, हें आतां दुसराच मनुष्य ठरवूं लागला.

१९२५ सालीं विद्युत्-ध्वनिमुद्रण व्यवहारांत आलें आणि अंतराची जागा गोल बटणानें घेतली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. कांचेच्या एका बाजूस गायक व दुसऱ्या बाजूस बटणें फिरविणारा यंत्रज्ञ, ही नभोवाणीची मांडणी त्यापुढें रूढ होत गेली. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलला. १९३२ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला आणि १९३३ सालीं ही कंपनी पुण्यास आली. प्रभातच्या बोलपटांत ध्वनिलेखनाची बाजू विष्णुपंत दामले यांनीं संभाळली. मूळचे ते चित्रकलेच्या व नेपथ्याच्या क्षेत्रांतील. परदेशीं न जातां हें नवें शास्त्र त्यांनीं हातानें काम करूनच आत्मसात् केलें. पुढें फत्तेलाल यांच्यासह त्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाची व्हेनिस येथें १९३७ सालीं वाखाणणी झाली. बोलपटांच्या आरंभकाळीं नट कॅमेऱ्यापुढें गाई आणि तेंच गाणें त्याच वेळीं मुद्रित होई. चुकलें तर सर्व पुन्हां; म्हणून बटणावरील बोटाला गायकाइतकाच ताल ठाऊक असावा लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली आणि एकाच फितीवर अनेक पट्टे समांतर मुद्रित करण्याची युक्ति साधली. १९५७ सालीं अमेरिकेंत लेस पॉल या वादकास आठ पट्ट्यांचें यंत्र मिळालें. पुढें ही संख्या सोळा व चोवीसवर गेली. गायक, ढोलकी, पेटी, प्रत्येकाचा पट्टा निराळा. पण पट्टे वाढले तरी माणसाला बोटें दहाच. गोल बटण फिरविण्यास दोन बोटें लागतात. म्हणून वरखालीं सरकणारी मूठ, म्हणजे फेडर, अधिक सोयीची ठरली. एका हाताच्या चार बोटांखालीं चार फेडर मावतात. तरीहि अवघड गाण्याच्या मिश्रणास तीन तीन माणसें मेजाभोंवतीं उभीं राहत आणि ठरल्या ओळीला ज्यानें त्यानें आपली मूठ सरकवावी, असें चाले. हा त्रास पाहून १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील नीव्ह कंपनीनें फेडराला मोटार बसविली. एकदां केलेली हालचाल यंत्र लक्षांत ठेवी आणि पुढच्या वेळीं मूठ आपोआप सरके.

मग संगणक आला. वाद्यें व यंत्रें यांनीं एकमेकांशीं बोलावयाची ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा १९८३ सालीं ठरली, आणि १९९१ सालीं ‘प्रो टूल्स’ ही संगणकावर मुद्रण करण्याची योजना बाजारांत आली. खोलीभर पसरलेलें मिश्रणाचें मेज आतां पडद्यावरचें चित्र झालें. खर्च उतरला, जागा वांचली. पण एक गोष्ट हरवली. माउसनें एका वेळीं एकच मूठ धरतां येते, आणि तीहि डोळ्यांनीं पाहून. ढोलकी उतरवीत असतांना त्याच क्षणीं झीलकऱ्यांना वर उचलणें अशक्य झालें. कान ऐकावयाचे सोडून डोळे रेषा पाहूं लागले. या उणीवेंतून नियंत्रण-फलक जन्मास आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅकी कंपनीचा फलक आणि त्यामागोमाग इतरांचे फलक निघाले. यूफोनिक्स कंपनीनें संगणकांच्या जाळ्यावरून चालणारी ‘यूकॉन’ ही भाषा काढली; २०१० सालीं ती कंपनी ॲव्हिडनें घेतली.

शिरूर किंवा दौंड येथें कोणी असा फलक घेऊं इच्छील, तर दौंडच्या सांध्याचें उदाहरण त्यानें प्रथम ध्यानांत आणावें. ध्वनि या फलकांतून वाहतच नाहीं. त्यांतून जातात त्या केवळ आज्ञा. ध्वनीची गाडी संगणकाच्या आंत धांवत असते. म्हणून फलक आणल्यानें आवाज सुधारेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. पैसा मोजका असेल तर तो आधीं चांगल्या मायक्रोफोनावर, ऐकण्याच्या स्पीकरांवर आणि खोलीचा घुमारा कमी करण्यावर खर्चावा, फलक त्यानंतर.

दुसरा विचार फेडरांच्या संख्येचा. एका फेडराचे फलक मिळतात, आठांचे मिळतात, त्याहून मोठेहि मिळतात. लावणीचा हिशोब करून पाहावा: मुख्य गळा एक, झीलकरी दोन, ढोलकीच्या दोन तोंडांना दोन, पेटी, तुणतुणें आणि झांज, म्हणजे पट्टे झाले आठ. आठ फेडरांचा फलक येथें नेमका पुरतो. पट्टे अधिक असल्यास एक कळ दाबून पुढचे आठ बोटांखालीं आणतां येतात. मात्र त्यासाठीं मुठींना मोटार हवी. मोटार नसेल तर पट्टे बदलले तरी मुठी जुन्याच जागीं राहतात. मूठ एक सांगते, पडदा दुसरेंच, आणि पहिल्या स्पर्शाबरोबर आवाज उसळी घेण्याचा संभव असतो. मुठीला स्पर्शाची जाणीव असणें हेंहि तितकेंच अगत्याचें. तशी योजना केली असेल तर बोट टेकलें कीं नवी नोंद सुरू होते आणि उचललें कीं जुनी नोंद पुढें चालते.

तिसरा विचार भाषेचा. मिडीच्या साध्या आज्ञेंत आवाजाला १२८ पायऱ्या असतात. दहा सेंटिमीटरांच्या मुठीला त्या वांटून दिल्या तर पाऊण मिलिमीटराहून किंचित् मोठी एक पायरी होते, आणि सूर हळूहळू विझवितांना तिचा धक्का कानाला लागूं शकतो. मॅकीच्या पद्धतींत फेडरासाठीं याहून बारीक आज्ञा वापरली जाते. आपल्या संगणकावरील मुद्रण-योजनेस कोणती भाषा समजते, हें पैसे मोजण्यापूर्वीं पाहावें. दुकानांतील दिव्यांच्या लखलखाटावरून ठरवूं नये.

मांडणींत घाई करूं नये. दोन स्पीकर आणि ऐकणाराचें डोकें यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि फलक त्याच्या मध्यरेषेवर, कोपर आरामांत टेकेल इतक्या उंचीवर असावा. उंच, उतरत्या मेजावर ठेवल्यास स्पीकराचा आवाज त्यावर आदळून कानाशीं येतो व निवाडा फसतो. तार शक्यतों थेट संगणकाला जोडावी. मग मुद्रण-योजनेंत फलकाचें नांव निवडून त्याची आवक व जावक या दोन्ही वाटा दाखवाव्या. अनेकांची येथें फसगत होते: आवक तेवढी दिली तर मूठ सरकविल्यावर पडदा हलतो, पण पडदा बदलला तरी मूठ हलत नाहीं, आणि दोष नसलेलें यंत्र दुकानीं परत जातें. वीज अचानक जाण्याची शक्यता धरून संगणकाला व फलकाला बॅटरीचा आधार द्यावा. काम संपतांच फलकावर कापड झांकावें, कारण धूळ मुठीच्या खांचेंत शिरली कीं मोटार अडखळूं लागते. पहिले कांहीं दिवस मुठींकडे केवळ आवाजाचें काम सोंपवावें. बाकीच्या कळा पुढें शिकाव्या. बोटांना जागा पाठ झाली कीं डोळे मिटून काम करतां येतें, आणि फलक विकत घेण्याचा खरा हेतु तोच आहे.

एवढें झाल्यावरहि मुख्य प्रश्न उरतो. तमाशाच्या फडांत ढोलकीवाला चुकला तर शाहीर त्याच क्षणीं त्याच्याकडे पाही. कर्ण्याच्या काळीं तो अधिकार मुद्रण करणाऱ्या परक्याकडे गेला, नंतर कांचेपलीकडील यंत्रज्ञाकडे, आणि मोटारीची मूठ आल्यावर यंत्राच्या स्मृतीकडे. यंत्राची स्मृति चांगल्या निवाड्याइतकीच वाइटालाहि जपते. शहरी कानाला तुणतुण्याची किरकिर नकोशी वाटली, म्हणून कोणी तो फेडर तळाला नेला, तर त्या मुद्रणावरून शिकणाऱ्या मुलास लावणींत तुणतुणें असतें हेंच कळणार नाहीं. झील दाबली तर गाणें एकट्या गळ्याचें होईल. फडाचें राहणार नाहीं. ज्या वृद्ध गळ्यांचें मुद्रण आज होईल, ते उद्यां पुन्हां गाऊन चूक दाखविण्यास असतीलच असें नाहीं.

तालुक्याच्या गांवीं हा फलक येण्याचा लाभ इथेंच आहे. मुंबईच्या मुद्रणगृहांत घटका मोजून पैसे द्यावे लागतात. गायकाला घरीं पाठवून मिश्रण मागाहून होतें. चौफुल्याजवळच्या किंवा घोडनदीच्या खोलींत मात्र गाणारी बाई आणि ढोलकीवाला यांस मेजाशेजारीं बसवितां येतें. मिश्रण ऐकवून त्यांना विचारावें कीं शब्द ढोलकीखालीं जातात काय, झील पुरेशी आहे काय. त्यांचें बोट मुठीवर ठेवून त्यांनाच ती सरकवूं द्यावी. मोटारीची मूठ त्यांची हालचालहि तितक्याच इमानानें लक्षांत ठेवील. गाडी कोठें जावयाची हें सांधेवाला स्वतःच्या मर्जीनें ठरवीत नाहीं. खटका त्याच्या हातीं असला तरी वेळापत्रक दुसऱ्यानें आंखलेलें असतें. गाण्याचें वेळापत्रक गाणारानें आंखलेलें असतें, हें फलकासमोर बसणारानें विसरूं नये.