ईरी सरोवराची दोन दुखणी

उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत ईरी हे सर्वांत उथळ. त्याच्या पश्चिम टोकास तर पाण्याची सरासरी खोली अवघी सात-साडेसात मीटर. उथळ पाणी लवकर तापते आणि लवकर नासते. या सरोवराची हकीकत आम्हांस सांगावीशी वाटते, ती ते एकदा बरे होऊन पुन्हा त्याच व्याधीने पडले म्हणून.

१९६० नंतरच्या दशकात 'ईरी मेले' असे तिकडे सर्रास बोलले जाई. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय आणि तळाशी प्राणवायूचा दुष्काळ, अशी त्याची अवस्था होती. दोष सांडपाण्यातील व धुण्याच्या चूर्णांतील स्फुरदाचा, असे शास्त्रज्ञ म्हणत. चूर्णांचे कारखानदार कर्बाकडे बोट दाखवीत. १९७२ च्या एप्रिलात अमेरिका व कॅनडा यांनी स्फुरद आवरण्याचा करार केला, तरी वाद मिटला नव्हता. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी ऑन्टारिओतील एका लहान तळ्याचे मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एकात कर्ब व नत्र घातले. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद. दुसरा भाग तेवढा हिरवा झाला. वरून घेतलेल्या त्या छायाचित्रापुढे कारखानदारांचे युक्तिवाद लुळे पडले. पुढे सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, चूर्णांतले स्फुरद घटले, आणि १९८० नंतर सरोवर निवळले. मासेमारही परतले.

दुसरे दुखणे शेतांतून आले. मॉमी नदीच्या खोऱ्यात आज मका व सोयाबीन डोलतात, तेथे पूर्वी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची अफाट दलदल होती. १८५० नंतर वसाहतकऱ्यांनी चर खणले, जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि चिखलातून सोन्यासारखी जमीन काढली. त्यांच्या कष्टांस आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु पाणी गाळून पुढे सोडणारी चाळणी त्याच हातांनी मोडली गेली. माती वाहून जाऊ नये म्हणून नांगरणी सोडण्याची चांगली चाल पुढे पडली, तेव्हा एक विपरीत घडले. वर फेकलेले खत वरच राहिले आणि पावसात विरघळून त्या नळ्यांवाटे नदीस मिळू लागले. मातीला चिकटून येणाऱ्या स्फुरदापेक्षा विरघळलेले स्फुरद शेवाळास फार सुलभ! १९९५ च्या सुमारापासून त्याचे प्रमाण वाढत गेले.

२ ऑगस्ट २०१४ रोजी मॉमीच्या मुखावरील टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नये, उकळूनही पिऊ नये, अशी आज्ञा निघाली. उकळल्याने शेवाळाचे विष जात नाही, उलट दाट होते. सुमारे चार-पाच लाख माणसे काही दिवस बाटल्यांच्या पाण्यावर राहिली.

कारखान्याच्या नळावर अमेरिकेच्या १९७२ च्या जलशुद्धी कायद्याचा परवाना बसतो. शेतावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यास त्यातून सूट आहे. स्फुरद २०२५ पर्यंत चाळीस टक्क्यांनी घटविण्याचे वचन ओहायो, मिशिगन व ऑन्टारिओ यांनी २०१५ साली दिले. मुदत उलटली, वचन पुरे झाले नाही. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी टोलेडोच्या मतदारांनी सरोवरालाच कायदेशीर हक्क बहाल केले. दुसऱ्याच दिवशी शेतकऱ्यांच्या बाजूने दावा लागला, आणि वर्षभरात न्यायालयाने ते हक्क संदिग्ध म्हणून रद्द ठरविले.