वेगळ्या विदर्भाचा प्रश्न व भंडारा जिल्ह्यातील मतदार

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या ज्या राज्यरचनेत बसवला गेला, तिचा वसाहतकालीन वारसा आणि ती रचना बदलण्याच्या मागणीकडे, म्हणजेच वेगळ्या विदर्भ राज्याच्या मागणीकडे, येथील मतदारांचा दृष्टिकोन हा या नोंदीचा विषय आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य, ब्रिटिशांचा नागपूर प्रांत, मध्य प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र असा या जिल्ह्याचा प्रवास झाला. यांपैकी एकाही टप्प्यावर येथील रहिवाशांना थेट प्रश्न विचारला गेला नाही. त्यामुळे ‘भंडाऱ्याला विदर्भ हवा की नको’ याचे उत्तर अन्य कारणांसाठी लढवल्या गेलेल्या निवडणुकांमधून काढण्याची सवय राजकारण्यांना लागली आहे, आणि पत्रकारांनाही. ही सवय फसवी आहे.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. मराठी व हिंदी मुलूख एका कचेरीखाली आणताना भाषेचा विचार झाला नव्हता. कारभाराची सोय पाहिली गेली. १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. पुढे १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा एका जुन्या महसुली रेषेची राज्याची सीमा झाली. पोवारी बोलणारी कुटुंबे, त्यांची सोयरीक आणि शेतमालाचा बाजार आजही या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. निजामाकडून घेतलेल्या वऱ्हाडाचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. आज ज्याला विदर्भ म्हणतात तो नागपूर आणि वऱ्हाड अशा दोन वेगळ्या इतिहासांचा जोड आहे. पूर्वेकडच्या धानपट्ट्याने पश्चिमेकडच्या कापूसपट्ट्याला सहजासहजी आपले मानले नाही, याचे एक कारण इथे सापडते.

ब्रिटिश वारशाचे सर्वांत ठळक रूप मात्र शेतात दिसते. १८६० नंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना सरकारने मालकी हक्क दिले. गावचे तलाव त्यांच्या ताब्यात आले. भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यांतले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी मालगुजारीच्या आधीच बांधले होते. रयतेला निस्तार हक्काने पाणी, मासळी, जळण मिळे, पण सत्ता मालगुजाराची असे. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी संपवली आणि १९५१ मध्ये ही मालमत्ता शासनाकडे गेली. तलावांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव, बोलताना ‘मामा तलाव’. मालगुजार गेला, पण गाळ काढणारा, पाळ दुरुस्त करणारा, पाण्याची पाळी ठरवणाराही गेला. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांतल्या लहान तलावांची देखभाल पुढे बहुतांशी जिल्हा परिषदांकडे आली. गाळाने भरलेल्या तलावाखाली बांधी असलेल्या शेतकऱ्याला राज्यघटनेच्या कलमांपेक्षा हा प्रश्न जवळचा असतो. विदर्भाची मागणी जेव्हा जेव्हा पाण्याच्या भाषेत मांडली गेली, तेव्हा तिला भंडाऱ्यात श्रोते मिळाले. नागपूरच्या अस्मितेच्या भाषेत मांडली गेली, तेव्हा टाळ्यांवर भागले.

स्वातंत्र्यानंतर मतदानाचा हक्क सर्वांना मिळाला. भंडाऱ्याने घटनेची पहिली कसोटी फारच लवकर पाहिली. १९५२ च्या निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले. जसानी गोंदियाच्या विडी व्यवसायातील भागीदार होते आणि त्यांची पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती. शासनाशी करार असलेली व्यक्ती उमेदवार होऊ शकते का, हा एक वाद. दुसरा त्याहून खोल होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज ते महानुभाव पंथात गेले म्हणून फेटाळला गेला होता. पंथ स्वीकारल्याने माणूस महार राहत नाही का? फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. व्हिव्हियन बोस यांच्या निकालपत्राद्वारे जसानींना अपात्र ठरवले आणि ठवरे महारच राहिले असे मानून त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचे सांगितले. संपूर्ण निवडणूक रद्द झाली. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे या मुलखाची जातिव्यवस्था आणि पंथ त्यांना कागदापलीकडून ठाऊक होते, असे म्हणायला हरकत नाही. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश काळातील शेवटच्या अपील न्यायालयाकडे, जाऊ शकले नाही, कारण भारतापुरता तिचा अधिकार १९४९ मध्येच संपवण्यात आला होता.

त्यातून आलेली १९५४ ची पोटनिवडणूक जिल्ह्याबाहेरही लक्षात राहिली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दुसरे मत वाया घालवल्यास आपला उमेदवार वर जातो, हा हिशेब तेव्हा सर्वांना कळत होता. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना असे करू दिले नाही, ही आठवण आंबेडकरी चळवळीत आवर्जून सांगितली जाते. मेहता विजयी झाले. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला नाकारणाऱ्या मतदारांनी म्हणून घटना नाकारली का? तसे कोणी म्हटले नाही, म्हणताही आले नसते. काँग्रेसची गावोगावची यंत्रणा, जातींची मोट, द्विसदस्य पद्धतीची गणिते आणि नेहरूंची लोकप्रियता या सगळ्यांचा तो निकाल होता. अशोक मेहता १९६७ मध्ये याच मतदारसंघातून पुन्हा जिंकले, या वेळी काँग्रेसच्या तिकिटावर. मतदारांनी त्या बदलाचाही फार बाऊ केला नाही.

दरम्यान राज्याचा प्रश्न वरच्या पातळीवर ठरत होता. सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठी भाषकांच्या एका राज्याला मान्यता देताना विदर्भाला न्याय्य खर्चाची, विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनाची आणि उच्च न्यायालयाच्या पीठाची हमी दिली गेली. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाने १९५५ मध्ये उलट शिफारस केली: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य. त्याच वर्षी आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. त्यांतला पूर्व महाराष्ट्र म्हणजे जवळपास विदर्भच. एक भाषा, एक राज्य याऐवजी एका भाषेची अनेक राज्ये, असा त्यांचा आग्रह होता. आयोगाची शिफारस बाजूला पडली. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा विदर्भ काँग्रेसजवळ राहिला. हा विदर्भवादाचा कौल होता की नेहमीच्या पक्षनिष्ठेचा, यावर दोन्ही बाजूंनी शाई वाया गेली आहे.

घटनेतील तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य निर्माण करण्यास संसदेचे साधे बहुमत पुरते. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात, पण ते मत बंधनकारक नसते. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने तर त्यासाठी मुदतही घालून देण्याची सोय केली. मतदार या प्रक्रियेत कुठेच नाही. कॅरिबियन बेटांवरचे चित्र याच्या नेमके उलट आहे. तेथील अनेक स्वतंत्र देशांच्या घटना ब्रिटिशांनी निघून जाताना लिहून दिल्या आणि मूळ कलमे बदलायची तर दोन-तृतीयांश मतांच्या सार्वमताची अट घातली. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्समध्ये २००९ साली ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून हटवणारी नवी घटना मांडली गेली. तिला ४३ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. ग्रेनाडाने २०१६ मध्ये सातही प्रस्ताव फेटाळले. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी ग्रेनाडा आणि अँटिग्वा-बार्बुडा या दोघांनी एकाच दिवशी प्रिव्ही कौन्सिलऐवजी कॅरिबियन न्यायालय स्वीकारण्यास नकार दिला. भारताने ज्या न्यायपीठाचा निरोप संविधान सभेच्या एका कायद्याने घेतला, तेच तिथे मतपेटीतून टिकून राहिले. राणीवरच्या प्रेमापेक्षा सरकारवरचा राग, आपल्या छोट्याशा देशातील न्यायाधीशांवरचा अविश्वास आणि मतदानातील निरुत्साह यांचा त्यात वाटा मोठा होता. बार्बाडोसच्या घटनेत सार्वमताची अट नव्हती. संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताने तो ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक झाला.

मराठी मुलखाच्या शेजारीही थेट कौल घेण्याचा असा एक प्रयोग झाला आहे. गोव्यात १९६३ ची निवडणूक विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मात्र १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. बहुजन गोमंतकीयांना त्या पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर हवे होते, पण त्यांचा मुख्य कार्यक्रम सगळ्यांना नको होता. विदर्भावरील कोणत्याही निवडणूक-विश्लेषणापुढे हे उदाहरण ठेवायला हवे.

भंडाऱ्यात असा प्रयोग सरकारी पातळीवर कधी झाला नाही. १९६० व ७० च्या दशकांत वेगळ्या राज्यासाठी झटणाऱ्या नाग-विदर्भ आंदोलन समितीचे बळ मुख्यतः नागपूरभोवती होते. बापूजी अणे १९६२ मध्ये आणि जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये नागपूरहूनच लोकसभेत गेले. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला. २००० साली केंद्रात त्याचेच सरकार असताना छत्तीसगडसह तीन राज्ये झाली आणि वेगळ्या विदर्भाला विरोध करणाऱ्या शिवसेनेशी युती असल्याने विदर्भ राहून गेला. भंडारा मतदारसंघाने भाजपला १९९९ व २००४ मध्ये निवडले, २००९ मध्ये राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांना, २०१४ मध्ये भाजपच्या नाना पटोलेंना. पटोलेंनी २०१६ मध्ये वेगळ्या विदर्भासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणले, तेव्हा गदारोळ झाला तो मुंबईत विधिमंडळात. २०१७ अखेर त्यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर राजीनामा दिला. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. त्या निवडणुकीत सर्वाधिक चर्चा झाली ती धानाच्या भावाची आणि बिघडलेल्या मतदान यंत्रांची. ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले.

धानाचा भाव हाच बहुधा या जिल्ह्यातला सर्वांत प्रभावी विदर्भवादी युक्तिवाद आहे, जरी तो त्या नावाने केला जात नाही. छत्तीसगड सरकारने २०१८ नंतर क्विंटलला २,५०० रुपयांचा भाव देऊ केला. त्याची तुलना साकोली-लाखांदूरच्या बाजारात रोज होई: वेगळे झालेल्या राज्याला जे जमते ते आपल्याला का नाही? महाराष्ट्र सरकारचे उत्तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातून आले. डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी १५ हजार रुपयांचा बोनस जाहीर झाला, तोही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. नागपूर कराराने मिळवलेले अधिवेशन आता धान उत्पादकांचे मोर्चे येण्याचे ठिकाण झाले आहे. पवनीजवळचे गोसीखुर्द धरण ही दुसरी बाजू. १९८० च्या दशकात ३७२ कोटींचा असलेला, १९८८ मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलेला हा प्रकल्प १८ हजार कोटींच्या पुढे गेला. विकासाच्या अनुशेषाचे हे जिवंत उदाहरण विदर्भवादी देतात. याच धरणात बुडालेल्या गावांना मात्र मोबदल्याचा चेक मुंबईहून येतो की नागपूरहून, याने फरक पडलेला नाही.

१९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. लहान जिल्ह्यामुळे कचेऱ्या जवळ आल्या, हा अनुभव लहान राज्याच्या बाजूने वापरला जातो. उलट बाजूने भीती अशी, की मुंबईची जागा नागपूर घेईल आणि भंडारा पुन्हा टोकालाच राहील. कुणबी, पोवार, तेली, कोहळी, बौद्ध अशा समाजगटांची उमेदवारीची गणिते या दोन्ही युक्तिवादांवर मात करतात, हे कुठल्याही पक्षाचा तालुकाध्यक्ष खासगीत कबूल करील.

२०१३ मध्ये ‘जनमंच’ या संघटनेने नागपुरात अनौपचारिक जनमत चाचणी घेतली. प्रचंड बहुमत वेगळ्या राज्याच्या बाजूने पडले. तिला कायदेशीर वजन नव्हते आणि ज्यांना राज्य नको त्यांनी तिकडे फिरकण्याचा प्रश्नच नव्हता. घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याची शिफारस केली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भंडारा-गोंदियातून काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले.