राष्ट्रीय मूल्ये व अस्मिता (चांदा प्रदेश)

वर्धा, वैनगंगा व प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यातील, आज चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या जुन्या चांदा मुलुखातील लोकांची राष्ट्राविषयीची धारणा आणि त्या धारणेचे त्यांच्या स्थानिक स्वत्वाशी असलेले नाते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निराळा झाला. तथापि प्रस्तुत विषयापुरता हा प्रदेश एकच मानणे युक्त होय.

लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि भिन्नधर्मीयांविषयी आदर व सहिष्णुता ही ‘ब्रिटिश मूल्ये’ शाळांतून रुजवावीत, असे इंग्लंडच्या सरकारने २०१४ साली फर्माविले. चांद्यास याच इंग्रजांचे कायद्याचे राज्य प्रथम भेटले ते मात्र महसुलाचा बंदोबस्त, राखीव जंगलाची हद्द आणि तुरुंग या रूपांत. म्हणून येथील राष्ट्रभावनेचा उगम मूल्यांच्या यादीत न शोधता, जमीन व रान यांवर अंमल कोणाचा, या जुन्या तंट्यात शोधावा लागतो.

गोंड राजांची राजधानी चांदा १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेली आणि १८५४ मध्ये, तिसऱ्या रघूजीच्या निपुत्रिक निधनानंतर, डलहौसीने भोसल्यांचे राज्यच खालसा केले. परंतु घोट, अडपल्ली, मोलमपल्ली, अहेरी अशा वनजमीनदाऱ्यांतील माणसाला दरबार बदलल्याची झळ लागली ती परगण्यातील वहिवाटीचे हक्क डळमळू लागल्यावरच. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया व रोहिले यांची फौज उभारून मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा काबीज केला, तो या पार्श्वभूमीवर. उत्तरेतील उठाव तेव्हा मावळू लागला होता आणि हे बंड झाडीच्या आडोशाने तग धरून होते. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता, ही गोष्ट गौरवग्रंथांतून दबल्या आवाजात सांगितली जाते. वास्तविक, एकाच समाजातील दोन घराणी दोन बाजूंस उभी राहिली, यावरून त्या काळी ‘राष्ट्र’ ही कल्पना किती अस्फुट होती हे कळते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. आज त्या दिवशी जमणारा आदिवासी समाज त्यांना देशाचे हुतात्मे आणि आपले वीर अशा दोन्ही नात्यांनी वंदन करतो.

राष्ट्र हा शब्द सामान्य शेतकऱ्याच्या तोंडी रुळला तो गांधीयुगात, आणि विशेषतः तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनांनी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, या भजनांनी भारलेल्या चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या लष्कराने गावातील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी प्रदीर्घ उपोषण केले. भजनाने जागविलेला जमाव हिंसेपर्यंत गेला, हे सत्य चिमूरच्या अभिमानात सोयीस्करपणे मागे पडते.

नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी चांद्यास धम्मदीक्षा दिली. त्या समारंभाशी निगडित असलेले येथील बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाच्या दृष्टीने राष्ट्र म्हणजे प्राचीन वैभव नव्हे, तर संविधानाने दिलेले नागरिकत्व. ही व्याख्या गोंड राजांच्या स्मृतीशी स्पर्धा न करता तिच्या शेजारी नांदते.

भाषेच्या आधारे मात्र येथे एकजिनसी अस्मिता बांधता येत नाही. सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागडात माडिया, वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीबोली, तर मुलचेरा व चामोर्शी भागांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली ऐकू येते. निजामाच्या इलाख्यातील राजुरा १९४८ मध्ये भारतात, १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. एका हयातीत तीन दप्तरे पाहिलेल्या तेथील वृद्धांना देशाची सीमा ही काही सनातन वस्तू वाटत नसे.

राष्ट्र व स्थानिक स्वत्व यांच्या नात्याविषयीच्या या साऱ्या विचाराला नेमके रूप दिले ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्याची घोषणा सर्वश्रुत आहे. तिच्या पूर्वार्धाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. गावाने वरिष्ठ सरकार नाकारलेले नाही. त्याला ‘आमचे’ म्हटले आहे आणि त्याची मर्यादा आखली आहे. १९८० पासून शस्त्राच्या बळावर भारतीय राज्यच अमान्य करणारे नक्षलवादी आणि संशयाने पाहणारी पोलीस ठाणी यांच्यामध्ये सापडलेल्या टापूत ही भूमिका टिकविणे सोपे नव्हते. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना, तो २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन, गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या ग्रामसभेच्या हाती दिला. पुढे २०१३ मध्ये, ग्रामदान अधिनियमाचा आधार घेऊन, गावकऱ्यांनी खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.