चाकांवरील घर आणि भीमेचे पाणी

इंग्लंडात १९७० नंतरच्या काही वर्षांत 'कॅराबोट' नावाचे एक विलक्षण वाहन निघाले होते. मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे असे ते चाकांवरील लहानसे घर. आत निजावयाची सोय होती, बसावयास बाके होती. कालव्याच्या काठी पोहोचल्यावर मोटार सोडावी, घर पाण्यात लोटावे, मागे यंत्र लावावे, की तेच घर नाव होऊन चालू लागे. पुढे २०१० नंतरच्या दशकात जर्मनीतील कील या बंदराच्या शहरी 'सीलँडर' या नावाने त्याच जातीची गाडी तयार होऊ लागली.

हे वर्णन वाचल्यावर मजसारख्या चंद्रभागेच्या काठी जन्म गेलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहात नाही. आमच्या या मुलुखातून घरदार पाठीवर घेऊन चालणारी माणसे शतकानुशतके येत-जात आहेत, आणि त्यांच्या वाटेत नदी ही ठरलेलीच. मग ही युक्ती येथे कोणास का सुचली नाही? आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

चालत्या घराचे सर्वांत अवाढव्य उदाहरण आमच्या भागाने पाहिले ते औरंगजेबाच्या छावणीचे. १६९५ साली कृष्णेकाठच्या गलगले येथे जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी त्या छावणीत गेला होता. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. बादशहाच्या राहुट्या दुहेरी असत. एक संच मुक्कामावर उभा असता दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई; त्यास पेशखाना म्हणत. त्याच वर्षी ही छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस आली व चार वर्षे तेथे राहिली. हत्ती, उंट, बैल, गाडे यांच्या बळावर एक संपूर्ण राजधानी रस्त्याने चालत होती.

परंतु हे शहर चालणारे होते, तरंगणारे नव्हते. १७०० साली सातारा व परळी हे किल्ले हाती आल्यावर बादशहा ऐन पावसाळ्यात परत फिरला. नद्या भरलेल्या, नावा मोजक्या. कृष्णा उतरताना नावेत जागा मिळावी म्हणून लष्करातील माणसे एकमेकांशी झगडली. परळीहून भूषणगडापर्यंतचे अंतर ते काय! पण तेवढ्यास एक महिन्याहून अधिक काळ लागला. तेथून छावणी हलली ती माण नदीवरील खवासपुरास. हे गाव आजच्या सांगोले तालुक्यात आहे, आणि माण नदी पंढरपूरच्या खाली भीमेस मिळते. ज्याने ती नदी उन्हाळ्यात पाहिली असेल तो तिला नदी म्हणावयासही कचरेल. रुंद वाळवंट, मध्ये पाण्याची एखादी रेघ. तेव्हा राहुट्या दोन्ही तीरांवर तर पडल्याच, पण कोरड्या पात्रातही पडल्या. सपाट, स्वच्छ वाळू पाहून कोणासही तेथेच बिऱ्हाड करावेसे वाटेल. आषाढी-कार्तिकीस आमच्या वाळवंटात लोक दुसरे काय करीत आले आहेत?

१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री वर कोठेतरी पडलेल्या पावसाचे पाणी एकदम खाली आले. छावणी निजलेली होती. माणसे, जनावरे, तंबू, सामान यांची एकच दाणादाण उडाली. गलका ऐकून बादशहास वाटले की मराठेच चालून आले! तो लगबगीने उठला, त्याचा पाय घसरला व उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसविता आला नाही. एक्याऐंशी वर्षांचा हा सम्राट तेव्हापासून जन्माचा लंगडा झाला. हुजऱ्यांनी सांत्वन केले की, मूळ पुरुष तैमूरलंग याचाच वारसा हुजुरांस मिळाला. खुशामतीची कला तेवढी कोणत्याही पुरात वाहून जात नाही! जे काम मोठमोठ्या फौजांना साधले नाही ते एका ओढ्यासारख्या नदीने एका रात्रीत केले.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच प्रश्नाचे दुसरे टोक एका इंग्रज सेनापतीने धरून पाहिले. जनरल वेलस्ली १८०३ च्या एप्रिलात पुण्यास पोहोचला. पावसाळ्यात नद्या उतराव्या लागणार हे जाणून त्याने मुंबईहून पूल बांधावयाच्या सपाट नावा मागविल्या. या नावा गाड्यांवर चढवून बैलांनी ओढीत आणावयाच्या व नदीकाठी पाण्यात सोडावयाच्या होत्या. म्हणजे आपल्या कॅराबोटीची आजीच म्हणा ना! पण गाडे कच्चे, ओझे भारी आणि वर पाऊस सुरू झालेला. पनवेलकडून बोरघाटाच्या वाटेवर चाके मोडली, आणि नावा वाटेतच राहिल्या. ऑगस्टच्या अखेरीस गोदावरी उतरताना वेलस्लीने काय करावे? वेताकाठ्यांच्या गोल टोपल्या विणवून त्यांवर कातडी मढविली, आणि त्यांतून फौज पार नेली. कृष्णा-तुंगभद्रेच्या काठचे लोक पूर्वापार वापरीत आलेले हे साधन. पाण्यापाशी जावे, तेथेच नाव करावी, आणि काम झाल्यावर मोह न धरता पुढे जावे, अशी त्यातील रीत.

पंढरीच्या वारीनेही हीच रीत धरलेली दिसते. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ज्ञानेश्वरमहाराजांच्या सोहळ्यास आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास दिले. हेही एक चालते नगरच. राहुट्या, शिधा, भांडी गाड्यांतून पुढे जातात. माउलींच्या सोहळ्यास तंबू व अश्व अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. पण नीरा नदी आली की रथ पाण्यात शिरत नाही; पादुका तेवढ्या हाती घेऊन नदीवर नेतात व स्नान घालतात. आळंदी-देहूचे सोहळे वाखरीवरून, म्हणजे गावाच्याच तीराने, येतात. पैठणकडून, खानदेशाकडून येणारास मात्र भीमा आडवी. पूल नव्हते त्या काळी बैल सोडून पोहत न्यावयाचे, गाडी माणसांनी नावेत चढवावयाची, असे माझे आजोबा सांगत. घराचे काम गाडीने करावे व पाण्याचे काम कोळ्यांनी, अशी ती वाटणी होती. आमच्या महादेव कोळ्यांकडे पुंडलिकाच्या देवळाची पूजा आहे ती उगीच नव्हे.

तेव्हा माझे उत्तर असे आहे की, गाडीची नाव करावयास पाणी शिकविलेले लागते. इंग्लंडच्या कालव्यात दारे आहेत. आज जेवढे पाणी तेवढेच उद्या. आमची भीमा आठ महिने गाडीच्या चाकास उतार देई आणि पावसाळ्यात नावाड्यासही भिववी. अशा नदीसाठी घर कोण पाण्यात लोटील? १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यापासून पाणी पुष्कळसे माणसाच्या हाती आले. तरीही २०१९ चा पूर आम्ही पाहिलाच आहे.

पण दुहेरी कामाची एक वस्तू मात्र या काठाने शोधून काढली. ती म्हणजे गुळाची काहील. गुऱ्हाळ हिवाळ्यातले, तेव्हा तिच्यात रस उकळावयाचा. पावसाळ्यात ती रिकामी पालथी पडलेली असते, आणि नेमकी तेव्हाच नदी भरते. मग तीच काहील गाडीत घालून काठी आणावी, पाण्यात सोडावी, चौघांनी आत उकिडवे बसावे, आणि पोहणारांनी ती ढकलीत न्यावी. पूल नसलेल्या वाड्यावस्त्यांवर हे अगदी अलीकडेपर्यंत चालले.

मी एका नदीकाठच्या गावी मास्तर होतो. पलीकडच्या वस्तीवरील पाच मुले श्रावणात काहिलीतून शाळेस येत. एकदा ती तीन दिवस लागोपाठ उशिरा आली, म्हणून मी त्यांना दाराशी उभे केले व दुसऱ्या दिवशी वेळेवर येण्याची ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी पाणी चढलेले असता ती वेळेवर निघाली. मध्यावर काहील गरगरली व कलंडली. ढकलणारे दोघेही पट्टीचे पोहणारे होते. पाचही मुले वाचली, दप्तरे गेली. ओल्या अंगाने, थरथरत ती वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येऊ का, असे त्यांतील थोरल्याने विचारले. त्या दिवशी मी हजेरी घेतली नाही. काहील पुढे दोन कोसांवर वाळूत रुतलेली सापडली, आणि दिवाळीनंतर त्याच काहिलीतला गूळ मुलांनी माझ्या घरी आणून दिला.